‘हे ते नाही’ म्हणून आई उठून जाते

ताई, नमस्कार.

मी ५३ वर्षांचा, पुण्यात नोकरी. घरात बायको, अकरावीतली मुलगी आणि आई. आई ७८ वर्षांची, गुडघे सोडले तर ठणठणीत. ऑगस्टअखेर ‘चिमणराव’ मालिकेतले बाळ कर्वे गेले. सकाळी पेपर वाचताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ‘आपला गुंड्याभाऊ गेला रे’ म्हणाली आणि त्या दिवशी धड जेवली नाही. दिवाळी आटोपते न आटोपते तोच सतीश शाह गेले, पुन्हा तेच. मुलगी म्हणाली, ‘आजी, तू कधी भेटली तरी होतीस का त्यांना?’ त्यावरून दोघींचं बिनसलं ते अजून तसंच आहे.

तिचं मन रमावं म्हणून दिवाळीला ५५ इंची स्मार्ट टीव्ही आणला. जुनं दूरदर्शन यूट्यूबवर कुठे सापडतं ते दाखवलं, रिमोटशी बोलून शोधायला शिकवलं. सगळं हाताशी दिलंय. पण दहा मिनिटं बघते, ‘हे ते नाही’ म्हणते आणि उठून खोलीत जाते.

आणखी एक. वडिलांनी १९८४ साली घेतलेला शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही अजून हॉलमध्ये आहे. वीस वर्षं बंद. त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर गणपती. नवा टीव्ही आल्यावर जागा पुरेना, म्हणून भंगारवाल्याला बोलावलं. तो तीनशे रुपये देतो म्हणाला. आई त्याच्यासमोरच कडाडली, ‘आधी मला ने!’ तो बिचारा चप्पल न शोधता पळाला. बायकोला वाटतं हे डिप्रेशन असावं. तिला डॉक्टरकडे न्यावं का? आणि त्या टीव्हीचं काय करू?

— पेठ सोडून सिंहगड रोडला आलेला एक मुलगा

---

नमस्कार.

डॉक्टरांचं आधी उरकते. आवडता नट गेला म्हणून माणूस रडलं, एक दिवस घास उतरला नाही, तर तो आजार नव्हे. झोप उडाली, वजन उतरू लागलं, देवळात जाणं, मैत्रिणींना फोन करणं बंद पडलं आणि हे दोन-तीन आठवडे टिकलं, तर मात्र फॅमिली डॉक्टरांना दाखवा. ‘वयच झालंय’ म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. भंगारवाल्याला ज्या आवाजात परत पाठवलं, त्यावरून तर मला त्यांच्या प्रकृतीची काळजी अजिबात वाटली नाही.

आता तुमच्या लेकीचा प्रश्न. पोरगी चुकीचं काही बोलली नाही. कधी भेटली होतीस का? आजीचं खरं उत्तर ‘हो, दर आठवड्याला’ असं आहे. ते नेमकं कसं, हे तिला घरात कुणी सांगितलेलं दिसत नाही.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपणाचा मनोरा आला आणि पुण्याला चित्र दिसू लागलं. मी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले. आमच्या गच्चीवरून बघितलं तर पेठेतल्या झाडून सगळ्या अँटिना सिंहगडाकडे तोंड करून उभ्या असायच्या, तालमीत रांगेनं उभी केल्यासारख्या. कावळा बसला की दिशा बदलायची. मग एक मुलगा वर, एक जिन्यात, एक टीव्हीपुढे आणि ‘आलं… गेलं… आलं, आलं, हात काढू नको!’ असा तीन मजली संवाद चालायचा. तुम्हीही त्या जिन्यात कधीतरी उभे राहिला असणार.

चॅनल एक, तेही संध्याकाळचे काही तास. त्यामुळे चेहरेही मोजकेच आणि पुन्हा पुन्हा तेच. बरं, हे चेहरे कुठले, तर आपल्यासारखेच नोकरी-संसाराचे. बाळ कर्वे मुंबई महापालिकेत इंजिनिअर होते, नोकरी सांभाळून नाटक करायचे. बातम्या वाचायला भक्ती बर्वे असायच्या, सुरुवातीच्या काळात स्मिता पाटील असायच्या. पुढे प्रदीप भिडे आले आणि त्यांच्या आवाजाशिवाय बातमी खरी वाटेनाशी झाली. ही मंडळी थेट तुमच्याकडे बघून ‘नमस्कार’ म्हणायची. आमच्या वाड्याच्या मालकीणबाई त्या क्षणी डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून उलट नमस्कार करायच्या. आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. त्या म्हणायच्या, ‘घरात आलेल्या माणसाला नमस्कार करायला तुमच्या आया शिकवत नाहीत वाटतं?’

भिडे जून २०२२ मध्ये गेले, तेव्हा मालकीणबाई नव्हत्या. मला त्यांचीच आठवण आली.

चिमणराव लागायचा तेव्हा मालकांच्या दिवाणखान्यात सतरंजीवर आम्ही वीस-पंचवीस जण. पुढे पोरं, मागे बायका, दाराशी पुरुष, आपण सहजच इथून चाललो होतो असा चेहरा करून. कथा चिं. वि. जोशींच्या, त्या अनेकांच्या घरी कपाटात होत्याच. पण दिलीप प्रभावळकरांनी चिमणराव केला आणि बाळ कर्व्यांनी गुंड्याभाऊ, त्यानंतर ते पुस्तक वाचताना दुसरा कुठलाही चेहरा डोळ्यांपुढे आणून दाखवा. माझ्या वडिलांच्या कचेरीत एका जोडगोळीला लोक शेवटपर्यंत चिमणराव-गुंड्याभाऊच म्हणायचे. निवृत्तीच्या समारंभात साहेबांच्याही तोंडून तेच निघालं. सांगायचा मुद्दा, कर्वे गेले तेव्हा तुमच्या आईंच्या ओळखीतला माणूस गेला. सतीश शाहांचं तर काय सांगावं! ‘ये जो है जिंदगी’त तो गृहस्थ दर भागात वेगळीच भूमिका घेऊन यायचा. एका माणसाच्या रूपानं पन्नास पाहुणे घरी येऊन गेल्यासारखंच ते.

आणि लेकीला एकदा हळूच विचारा. तिच्या पिढीतल्या किती मुली बीटीएस या कोरियन बँडची मुलं एकेक करून सैन्यात गेली तेव्हा उशीत तोंड खुपसून रडल्या? त्यांच्यातली कितीजणी सोलला जाऊन भेटून आल्या होत्या? हे टोमण्यासारखं विचारू नका, नाहीतर तुमच्याशीही बिनसेल. आजीच्या शेजारी बसवून विचारा. मला वाटतं, त्या दोघींचं गूळपीठ तुमच्या अपेक्षेपेक्षा लवकर जमेल.

आता ‘हे ते नाही’. सबंध पत्रात मला सगळ्यात नेमकं वाटलेलं वाक्य हे आहे, आणि तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय. मी तुम्हाला एक कबुली देते. दोन वर्षांपूर्वी माझ्या लहानपणीच्या एका लाडक्या कार्यक्रमाचा भाग मला यूट्यूबवर सापडला. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्यातल्या कलाकारांना शोभणारं नाही. चहा घेऊन ऐटीत बसले. नेपथ्यातली भिंत दार लावल्यावर हलत होती. एक पात्र सोफ्यावरून उठून खिडकीपर्यंत जायला इतका वेळ घेत होतं, की तेवढ्यात माझा चहा निवला. अकराव्या मिनिटाला मला डुलकी लागली. तुमच्या आई दहाव्या मिनिटाला उठतात, म्हणजे माझ्यापेक्षा जास्त प्रामाणिक आहेत. तेव्हा ‘किती छान होतं ना आई तेव्हाचं!’ असं त्यांना चुचकारू नका. तेव्हाचं सगळं छान नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतीचा कार्यक्रम आम्ही पेठेतले लोक निव्वळ दुसरं काही नाही म्हणून बघायचो. ज्यांच्या मालकीची मातीची एक कुंडी नव्हती, त्यांना कपाशीवरची फवारणी तोंडपाठ होती.

मग ‘ते’ म्हणजे काय?

२०२० चा लॉकडाऊन आठवा. २८ मार्चपासून दूरदर्शननं रामानंद सागरांचं ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली. सकाळी नऊ, रात्री नऊ. मालिका १९८७ ची. मधल्या तीस-बत्तीस वर्षांत तिच्या सीड्या निघाल्या, इंटरनेटवर आली, हवी तेव्हा हव्या त्या भागापासून बघायची सोय होती. कोण बघत होतं? पण नऊ वाजता लागणार म्हटल्यावर साडेआठला आंघोळी उरकायला लागल्या. माझी बहीण नाशिकला, मी इथे, भाची दुबईत, आणि सव्वा नऊला तिघींच्या फोनवर एकच विषय. बघण्याला वेळ ठरलेली होती, आणि त्या वेळी बाकीचे सगळेही बघत होते. तुम्ही आईंना सगळं दिलंत म्हणता. मला वाटतं, तिथेच गणित फिसकटलं. सगळं, कधीही, एकट्यानं. त्यांनी हे असं आयुष्यात कधी पाहिलेलंच नाही.

तुमच्या वेळचा आठवडा आठवा, म्हणजे लक्षात येईल. गुरुवारी रात्री सिनेमातल्या गाण्यांचं छायागीत. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी संध्याकाळी हिंदी. आणि पुढच्या आठवड्यात काय काय लागणार ते सांगणारी ‘साप्ताहिकी’. आज तरुणांना सांगितलं तर विश्वास बसणार नाही, पण पुढचे कार्यक्रम कोणते हे सांगण्याचा कार्यक्रम आम्ही वही-पेन्सिल घेऊन बघायचो. शनिवारचा सिनेमा कुठला हे कळलं, की शनिवारची आमटी-भाकरी पाचलाच व्हायची. मध्येच ‘व्यत्यय’ अशी पाटी यायची. तेवढ्यात बायका कुकर बघून यायच्या, पुरुष राजकारण बोलायचे, पोरं एकमेकांना चिमटे काढायची. पाटी गेली की सगळे परत जागेवर. शेवटी रात्री कार्यक्रम संपायचे, खरोखर संपायचे. पडद्यावर मुंग्या आणि मालक शटर ओढायचे.

तुमच्या ५५ इंची टीव्हीवर एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. आईंना तो उठायलाही सांगत नाही आणि थांबायलाही. म्हणून त्या स्वतःच उठतात.

तेव्हा काय करायचं ते सांगते. आईंसाठी जुने कार्यक्रम शोधून देणं बंद करा. एक साधी दोनशे पानी वही आणून त्यांच्या हातात द्या आणि सांगा की घरची साप्ताहिकी आजपासून तुमच्याकडे. आठवड्यातून एकच दिवस, एकच वेळ, एकच भाग. शनिवारी संध्याकाळी सात म्हणा. काय लावायचं ते त्या रविवारी ठरवतील, वहीत लिहितील आणि रात्री जेवताना जाहीर करतील. यूट्यूबवर सह्याद्री वाहिनीचं जुनं काही मिळतं. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ नावाचं ॲप काढलंय, त्यातही जुन्या मालिका आहेत. शोधायचं काम नातीचं. रिमोट तिच्या हातात, यादी आजीच्या हातात. आपोआप पुढचा भाग लावणारी ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाका. भाग संपला की टीव्ही बंद, ‘अजून एक बघू’ नाही. तुमच्या बायकोला नाही म्हणणं जड जाईल, हे आत्ताच सांगून ठेवते.

आणि बोलवा माणसं. सोसायटीत सत्तरीपुढच्या चार जणी सहज निघतील. शेंगदाणे भाजा, फार थाट नको. खुर्च्या आणि सतरंजी दोन्ही ठेवा. गुडघ्यांमुळे सतरंजीवर कुणी बसणार नाही, पण ती असू द्या. तुम्ही स्वतः तिथे बसायचं, फोन आतल्या खोलीत ठेवून. कार्यक्रम कंटाळवाणा निघाला तर त्यावर बोलायचं. वाड्यात आम्ही तेच करायचो. निम्मी मजा नावं ठेवण्यात होती.

एक धोक्याची सूचना. आई वहीत जे लिहितील, त्यातलं बरंचसं सापडणारच नाही. त्या काळी चित्रफिती महाग होत्या. एकदा कार्यक्रम दाखवून झाला की त्याच फितीवर दुसरा चित्रित करायचे. ‘गजरा’ या विनोदी कार्यक्रमाचे कितीतरी भाग, मुलाखती, नाट्यप्रवेश असे पुसले गेले. तेव्हा त्या म्हणाल्या की अमुक कार्यक्रमात तमक्यानं असं असं केलं होतं आणि नातीला तो मिळाला नाही, तर ‘आजी, असं काही नव्हतंच, तुझा घोटाळा होतोय’ हे वाक्य घरात कुणीही उच्चारायचं नाही. त्या शनिवारी टीव्ही लावूच नका. त्या प्रसंगात कोण होतं, काय बोललं, कोण हसलं, ते आईंनाच सांगू द्या, सात वाजताच, सगळ्यांपुढे. मी हे माझ्या आत्याबरोबर केलं होतं. ती सांगता सांगता उठून नक्कल करायला लागली. नक्कल कुणाची होती ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, पण तिच्या दृष्टीनं ती हुबेहूब होती.

आईंना आणखी एक बातमी द्या, कदाचित त्यांच्या नजरेतून सुटली असेल. गुंड्याभाऊ २८ ऑगस्ट २०२५ ला गेला, वयाच्या ९५ व्या वर्षी. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांत, १२ सप्टेंबरला, चिमणरावांचा ‘दशावतार’ थिएटरात लागला. प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे आणि सिनेमाचे नायक तेच! तुम्ही पेपरातली निधनवार्ता आईंच्या हातात दिलीत. ही तिकिटं काढली होतीत का? नसतील तर आता घरी बघता येईल. पण तोही शनिवारीच, वहीत नोंद करून.

राहिला तो शटरचा टीव्ही. तीनशे रुपयांना तर मुळीच देऊ नका. आईंना न विचारता भंगारवाला बोलावलात, ही तुमची चूक. त्याबद्दल एकदा सरळ ‘चुकलं’ म्हणून टाका, पुढचं बोलणं सोपं होईल. आणि दुसरं कारण व्यवहाराचं. जुन्या टीव्हीच्या काचेच्या नळीत शिसं असतं. भंगारात ती फोडतात आणि तांबं काढून घेतात, काच कुठेतरी नाल्याकाठी जाते. घरी हौसेनं पाठीमागचं झाकण उघडू नका. वीस वर्षं बंद असला तरी ती नळी हवा काढून टाकलेली असते, आपटली तर काचा सगळीकडे उडतात. जुना, माहितीतला टीव्ही दुरुस्त करणारा गाठा. त्याच्याकडून नळी आणि आतला सगळा संसार काढून घ्या आणि तो ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. उरेल ती लाकडी पेटी, सरकत्या शटरसकट. आत एक फळी मारली की झकास कपाट होईल. त्यात ती वही ठेवा. वर रुमाल आणि गणपती जिथल्या तिथे. नवा टीव्ही भिंतीवर टांगा म्हणजे जागेचं भांडण मिटेल. अर्थात आधी आईंना विचारून. त्या ‘आतलं काही काढायचं नाही’ म्हणाल्या, तर काढायचं नाही, आणि मग जागेसाठी तुमचा तो व्यायामाचा सायकल-स्टँड हलवा. तो तुमच्याकडे आहे असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्रेपन्नाव्या वर्षी प्रत्येकाच्या हॉलमध्ये एक असतो आणि तोही बंदच असतो.

त्या शटरला कुलूप असणार. दहावीच्या वर्षी तुमच्या वडिलांनी ते लावलं असेल आणि किल्ली आईंकडे दिली असेल. आमच्या वाड्यात मार्च महिन्यात सगळीकडे हेच. ती किल्ली अजून कुठे आहे, ते आईंना विचारून बघा. त्या लगेच सांगतील, आणि बहुतेक हेही सांगतील की वडील घरी नसताना त्यांनी तुम्हाला कितीदा उघडून दिला होता.